पाणी कोणाच्या हातचं?

(भाटघर येथे झालेल्या स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यान)

भाटघर, भोर, वेळवंड खोरं, वेल्हे अशा ठिकठिकाणांहून आलेल्या मंडळींनो,

पुण्याच्या खाण्यापिण्यावर आणि तिथल्या सणावारांवर बोला, असं मला सांगण्यात आलं. विषय ऐकला की मिसळ, बाकरवडी, मस्तानी आठवते. त्यावर पुष्कळ लिहून झालंय आणि चवीनं वाचूनही झालंय. या भाटघर धरणाच्या काठावर उभं राहून मला दुसऱ्या टोकानं सुरुवात करावीशी वाटते. इतक्या धर्मांचं, भाषांचं आणि जातींचं हे शहर शेजारी शेजारी बसून जेवायला कसं शिकलं, हे समजून घ्यायचं तर आधी पाण्याकडे बघावं लागतं. कोणी कोणाच्या हातचं पाणी घेतलं, कधी घेतलं, आणि त्यासाठी काय सोसलं, हे कळलं की ताटातले पदार्थ आपोआप कळतात.

आधी इथलंच पाणी घेऊ. वेळवंडीवर पहिलं धरण झालं ते १८८१ च्या सुमारास. व्हायटिंग या इंजिनिअरच्या नावानं ते तळं ओळखलं जायचं. पुढे आजचं मोठं दगडी धरण उभं राहिलं. १९२८ च्या ऑक्टोबरात मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं आणि आधीचे गव्हर्नर लॉईड यांचं नाव त्याला मिळालं. आज जलाशयाला शिवरायांचे सहकारी येसाजी कंक यांचं नाव आहे. ते याच मातीतलं. हे पाणी तुमच्या खोऱ्यात फार थांबत नाही. नीरेत उतरतं, डाव्या-उजव्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडे जातं, तिथे उसात शिरतं आणि साखर होऊन बाजारात येतं. खोऱ्यातल्या माणसांना वाट्याला आलं ते बुडालेलं शिवार, आणि उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वर येणारं कांबरेश्वराचं देऊळ.

पुण्याचं पिण्याचं पाणी तर तुमच्या शेजारचंच. पानशेत आणि वरसगाव ही दोन्ही धरणं वेल्हे तालुक्यातली, म्हणजे आता ज्याला राजगड तालुका म्हणतात तिथली. आंबी आणि मोसे या नद्यांचं ते पाणी खडकवासल्यात येतं आणि तिथून शहरात. कॅम्पातल्या इराण्याचा चहा त्यावर उकळतो, मोमीनपुऱ्यात रमजानच्या संध्याकाळी रोजा त्यावर सुटतो, रास्ता पेठेतल्या यहुदी घरातले पोहे त्यात भिजतात आणि कसब्यातल्या उकडीच्या मोदकांची उकडही त्याच पाण्याची. या पाण्यासाठी ज्यांची घरं गेली, त्यांतली कित्येक कुटुंबं दौंडकडे जाऊन नव्यानं चुली मांडून बसली. शहराच्या संस्कृतीवर बोलताना त्यांची नावं कोणी घेत नाही. मी इथे आले ती आधी हे ऋण बोलून दाखवायला.

आता जुन्या व्यवहाराकडे वळते. तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना हे सांगायला नको, पण तरुण मुलांसाठी सांगते. आपल्याकडे अन्नाचा विटाळ पाण्यातून जायचा. परक्या घरचा कोरडा शिधा चालायचा: तांदूळ, डाळ, गूळ, तूप. त्यात पाणी पडलं की चालायचा नाही. तुपात तळलेली पुरी एक वेळ चालेल, पाण्यात शिजलेला भात चालणार नाही. ज्यांना विहिरीवर येऊ द्यायचं नाही त्यांच्या ओंजळीत वरून धार धरायची. म्हणून एकोणिसाव्या शतकात पाव आणि बिस्कीट ही साधी खाणी राहिली नव्हती. पीठ कोणीतरी परक्यानं पाणी घालून मळलेलं असायचं, आणि ते तोंडात घालणं म्हणजे जात सोडणं होतं. १८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या मित्रांनी परमहंस सभा काढली. तिच्या सभासदाला ख्रिस्ती माणसानं भाजलेला पाव खावा लागे आणि मुसलमानानं आणलेलं पाणी प्यावं लागे. आणि हे सगळं गुप्तपणे, दारं लावून. आज कॅम्पात ईस्ट स्ट्रीटवर कयानी बेकरीपुढे श्रूजबेरी बिस्किटांसाठी रांग लागते. तिच्यात सोवळ्याओवळ्याच्या घरांतली नातवंडं-पतवंडं उभी असतात. ती रांग पाहिली की मला परमहंस सभेच्या त्या लावलेल्या दारांची आठवण होते.

पुण्यात हे दार पहिल्यांदा उघडलं ते जोतिराव फुल्यांनी. १८६८ साली त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. तेव्हाचं पुणं हौदांवर जगणारं शहर होतं. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून नळानं पाणी आणून हौद भरले होते, आणि कोणत्या हौदावर कोणी यायचं हे ठरलेलं होतं. स्वतःच्या वाड्यातला हौद उघडताना जोतिरावांनी कोणाला उपदेश केला नाही, भाषण केलं नाही. या, भरा आणि प्या. पुण्याच्या सामाईक ताटाचा इतिहास लिहायचा झाला तर पहिलं पान मी या हौदाला देईन.

दुसरं पान पंचहौद मिशनच्या चहाला. हे प्रकरण जरा सविस्तर सांगते, कारण ते आता धड्यातल्या दोन ओळींपुरतं उरलंय. १८९० चा ऑक्टोबर. गुरुवार पेठेजवळ ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या आवारात एक कार्यक्रम झाला. शहरातले प्रतिष्ठित लोक गेले होते, न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. कार्यक्रमानंतर चहा आणि बिस्किटं आली. कोणी घेतली, कोणी कप हातात घेऊन बाजूला ठेवला. बात तिथेच संपायची, पण गोपाळराव जोशी यांनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांनी, हजर असलेल्यांची यादी 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली. मग काय विचारता! ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा वाद, उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशीला माणसं नेमली गेली, वाद-प्रतिवाद झाले. आपण काशीत प्रायश्चित्त घेतलंय, असं टिळकांनी सांगितलं. पुढे रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतलं. पुढे हायकोर्टाचा न्यायमूर्ती झालेला माणूस चहाच्या एका पेल्यासाठी प्रायश्चित्ताला बसला. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात घरातले ते दिवस लिहून ठेवले आहेत. सासरमाहेरच्या, शेजारपाजारच्या, श्राद्धपक्षाला बोलवायच्या माणसांचा तो प्रश्न होता. बहिष्कार म्हणजे काय, हे तुम्हाला गावात राहून जितकं कळतं तितकं शहरातल्या वाचकाला कळणार नाही. लग्नाला भटजी मिळत नाही, मयताला खांदा मिळत नाही. रानड्यांनी माघार घेतली म्हणून त्यांना नावं ठेवणारे तेव्हाही होते, आजही आहेत. मला त्यांना दोष देववत नाही. आपल्याबरोबर ओढल्या गेलेल्या मित्रांच्या घरांचा विचार त्यांनी केला, आणि त्या विचाराचीही किंमत आहे.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी हाच प्रश्न कसा सोडवला ते पहा. अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळे यांना त्यांनी हॉटेल काढून दिलं, आणि स्वतः तिथे जाऊन सगळ्यांदेखत चहा प्यायले. राजाच पितो म्हटल्यावर बरोबरच्यांना प्यावाच लागला. आणि तुमच्या वरंधा घाटाच्या खाली, महाडला, २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. भाटघरच्या भिंतीवर दगड चढत होते त्याच काळातली ही गोष्ट. घाटाच्या वर इतकं पाणी साठत होतं आणि घाटाच्या खाली माणसांना ओंजळभर पाण्यासाठी मार खावा लागत होता. तळ्याच्या खटल्याचा कोर्टातला निकाल यायला १९३७ उजाडलं. भाटघरहून भोरमार्गे महाडला जाताना ही दोन पाणी एकाच रस्त्यावर लागतात, हे शाळेच्या सहलींना सांगितलं पाहिजे.

आता पुण्यातल्या हॉटेलांकडे येते. १८१७ साली खडकीची लढाई झाली, पेशवाई गेली आणि शहराच्या पूर्वेला इंग्रजांचा कॅम्प वसला. लष्कराच्या मागोमाग माणसं आली. पारशी व्यापारी आले, बोहरी आले, मद्रासच्या पलटणींना माल पुरवणारे तमिळ मुदलियार आले, गोव्याचे खानसामे आणि बँडवाले आले, बगदादी यहुदी आले. डेव्हिड ससून यांनी बांधलेलं सिनेगॉग, म्हणजे लाल देऊळ, आणि त्यांच्या घराण्याच्या नावाचं रुग्णालय दोन्ही त्याच काळातली. दोराबजींचं हॉटेल १८७८ चं. या प्रत्येकानं आपला स्वयंपाक बरोबर आणला, पण तो आपापल्या घरात. भिंती ओलांडल्या त्या इराण्यांनी.

याझ्द आणि कर्मान या इराणच्या भागांतून दुष्काळाला आणि जाचाला कंटाळून माणसं आली. त्यांत झोरोस्ट्रियन होते, मुसलमानही होते. भांडवल थोडं, भाषा परकी. रस्त्याच्या कोपऱ्यावरची जागा आपल्याकडे अशुभ मानायचे, ती त्यांना स्वस्तात मिळाली असं सांगतात. संगमरवरी फरशीचं टेबल, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, बन-मस्का, खारी, ऑम्लेट, खिमा आणि बशीत ओतून प्यायचा चहा. डेक्कनवरचं गुडलक १९३५ पासून आहे. या हॉटेलांत कोणी जात विचारली नाही, कारण मालकाला आपल्या जाती धड माहीत नव्हत्या आणि गिऱ्हाइकाला मालकाची जात कोणत्या पायरीवर मांडायची हे सुचत नव्हतं. पंचहौदच्या चहानंतर पन्नास वर्षंही झाली नव्हती, आणि त्याच शहरातली कॉलेजातली मुलं परधर्मी माणसाच्या हातचा चहा दिवसातून चारदा पिऊ लागली. कोणी ठराव केला नाही, कोणी सत्याग्रह केला नाही. खिशाला परवडणारा चहा आणि बसायला सावली, एवढ्यावर ते झालं.

फर्ग्युसन रस्त्यावर कर्नाटकातून आलेल्या माणसांनी इडली-डोसा आणला. आजचं 'वैशाली' हे आधी 'मद्रास हेल्थ होम' होतं. जगन्नाथ शेट्टींनी ते असं चालवलं की आज बाहेरगावी गेलेला पुणेकर घरच्या वरणभाताइतकाच तिथल्या सांबाराच्या आठवणीनं व्याकूळ होतो. उडुपी हॉटेलांना सुरुवातीला ब्राह्मणी स्वयंपाकाचा आधार होता, म्हणून सनातनी गिऱ्हाईक तिथे बिनदिक्कत आलं. पण शेजारच्या टेबलावर कोण बसलंय हे त्याला ठरवता येईना. पंगत गेली आणि टेबल आलं. पंगतीत कोणाच्या शेजारी कोण बसणार हे यजमान ठरवतो, टेबलाशी ते रिकामी खुर्ची ठरवते.

हे चित्र मी फार गोड करून सांगत नाहीये. त्याच काळात गावोगावच्या हॉटेलांत दलितांसाठी कपबशी वेगळी, बाहेर कोनाड्यात ठेवलेली असायची. ती त्यानंच धुवायची. स्वातंत्र्यानंतर पंचवीस वर्षांनी, १९७२ मध्ये, पुण्याच्या बाबा आढावांना 'एक गाव एक पाणवठा' ही मोहीम काढावी लागली, आणि गावोगाव फिरून विहिरींची अवस्था पाहावी लागली. ही मोहीम काढणारे बाबा हमालांचे पुढारी होते, आणि त्यांच्याच हमाल पंचायतीनं 'कष्टाची भाकर' सुरू केली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ओझी वाहणाऱ्याला गरम भाकरी, पिठलं, भाजी परवडेल अशा दरात मिळाली पाहिजे, आणि ती करणाऱ्या बायांनाही चार पैसे मिळाले पाहिजेत, एवढा साधा तो विचार. पुण्याच्या खाद्ययात्रांच्या यादीत ते नाव क्वचितच असतं. डोंगरी मावळांतून पोट बांधून शहरात आलेला माणूस पहिल्या दिवशी कुठे जेवला, हे विचारल्याशिवाय शहराच्या जेवणाची गोष्ट पुरी होत नाही.

आता सणांकडे. इथे मला सगळ्यात जास्त वेळ बेने इस्रायल यहुद्यांवर घालवायचाय, कारण मराठी माणसाला त्यांची माहिती सगळ्यात कमी आहे. त्यांची मायबोली मराठी. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजातून वाचलेली सात जोडपी हे आपले पूर्वज, असं ते सांगतात. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. पुण्यात रास्ता पेठेत त्यांचं सिनेगॉग आहे, १९२१ चं. त्यांच्या सणांची जुनी मराठी नावं ऐका: नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण, होळीचा सण. पंचांग हिब्रू, पण प्रत्येक सणाला जवळच्या मराठी चुलीचा वास. जेरुसलेमचं मंदिर उद्ध्वस्त झाल्याचा शोक ते पाळतात, आणि त्या उपासाच्या दिवसाची ओळख मात्र बिरड्याच्या उसळीची. यहुदी धर्मात मांसाबरोबर दूध चालत नाही. कोकणात नारळाला तोटा नव्हता, तेव्हा गोडाधोडात नारळाचं दूध आलं. गव्हाचा चीक काढून त्यात नारळाचं दूध घालून घोटलेला हलवा त्यांच्या नव्या वर्षाला होतो. आपल्याकडे चिकाच्या कुरडया घालणाऱ्या कोणत्याही बाईला तो हलवा करून दाखवा, ती पहिल्या घाण्यातच शिकेल.

आणि मलिदा. नवस फेडायचा, लग्न ठरलं, मूल दुखण्यातून उठलं, की एलियाहू पैगंबराच्या नावानं मलिद्याचं ताट मांडतात. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, सुका मेवा, वर फळं. प्रार्थना हिब्रूत, ताट कोकणातलं. पोहे, गूळ, खोबरं हा प्रसाद तुमच्या घरातही होत असेल. इस्राएलला गेलेल्या कुटुंबांनी सगळं मागे ठेवलं पण मलिदा नेला. देवाचे आभार मानायला हाच पदार्थ लागतो, हे त्यांच्या मनात इतकं पक्कं होतं.

पिंपरीच्या सिंध्यांची गोष्ट याच्या उलट दिशेनं आली. १९४७ नंतर सिंध सोडून आलेल्यांना पिंपरीच्या छावणीत जागा मिळाली. त्यांचा झूलेलाल हा पाण्याचा देव. नदी मागे राहिली, देव बरोबर आला. चैत्रात, आपल्या पाडव्याच्या आगेमागे, चेटीचंडला ते बहराणा काढतात. थाळ्यात दिवा, पाण्याचा कलश, खडीसाखर आणि फळं घेऊन नाचत-गात पाण्याशी जायचं आणि विसर्जन करायचं. घरी तहिरी, म्हणजे गोड पिवळा भात. सिंधूची माणसं पवनेच्या काठी उभी राहिली आणि तिलाच आपली नदी मानू लागली. घरदार गमावलेल्या माणसाला नवा गाव आपला वाटायला काय लागतं, हे मला त्यात दिसतं.

मी नाना पेठेत वाढले. आमच्या गल्लीत दिवाळीला फराळाची ताटं निघायची आणि ईदला शिरखुर्म्याची भांडी यायची. भांडं रिकामं परत करायचं नाही, साखरेची चिमूट तरी घालून द्यायची. पण काही घरांत शिरखुर्मा शिजवलेला जात नसे. त्यांच्याकडे शेजारचे मुसलमान कोरड्या शेवया, साखर, खारीक, बदाम आणि दूध पाठवायचे. तुम्ही तुमच्या भांड्यात शिजवा, असं न बोलता सांगायचे. मघाशी सांगितलेला शिधा तो हाच. त्यात माया होती आणि भिंतही होती. पुष्कळ वर्षं मला ती फक्त भिंत वाटायची. आता वाटतं, ज्यानं शेवया पाठवल्या त्यानं समोरच्याची अडचण आपली मानली, स्वतःचा अपमान गिळला आणि सण तरीही वाटून घेतला. इतकं मोठं मन दाखवायची वेळ एकाच बाजूवर येत राहिली, हे मात्र चुकीचंच होतं. भांडं दोन्हीकडून उघडायला हवं होतं.

नाताळात मराठी ख्रिस्ती घरांत केकच्या जोडीला करंज्या, चकल्या, शंकरपाळे होतात. पंचहौदच्या देवळाच्या आसपास राहणारी कुटुंबं डिसेंबरात फराळाची ताटं शेजारी पाठवतात आणि शेजारी ती खातात. १८९० च्या त्या चहापासून पायीच जायच्या अंतरावरची ही गोष्ट. गोव्याच्या ख्रिस्ती माणसाची नेवरी म्हणजे हीच करंजी. आणि पुण्यात त्याला पहिली जागा दिली पेशव्यांनी. सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत, १७९२ साली, मराठी फौजेतल्या कॅथलिक सैनिकांसाठी चर्चला जमीन मिळाली. आजचं सिटी चर्च ते. तुमच्या नसरापूरच्या बनेश्वरात तर वसईच्या चर्चची घंटा टांगलेली आहे, तिच्यावर १६८३ साल कोरलेलं आहे. ती लढाईत लुटून आणलेली. जमीन देणं आणि घंटा आणणं, दोन्ही एकाच शतकात एकाच राज्यात झालं, आणि आपण दोन्हींचे वारस आहोत.

मोहरमचं सांगायला जीव जड होतो. एके काळी पुण्यात ताबुतांपुढे हिंदू नाचायचे, नवस बोलायचे, फकिरी घ्यायचे, सरबत वाटायचे. १८९३ ला मुंबईत हिंदू-मुसलमान दंगा झाला. त्याच काळात सार्वजनिक गणेशोत्सव उभा राहिला आणि हिंदूंनी ताबुतांकडे पाठ फिरवावी असा प्रचारही त्याबरोबर झाला. गणेशोत्सवानं पुण्याला पुष्कळ दिलं, गाणं दिलं, वक्ते दिले, कार्यकर्ते दिले, आणि माझं त्याच्यावर प्रेम आहे. पण त्या वर्षांत एक सामाईक सण आपण गमावला, हेही त्याच श्वासात म्हटलं पाहिजे. सगळाच धागा तुटला नाही. मानाच्या तिसऱ्या गुरुजी तालीम गणपतीची स्थापना त्याच्याही आधी, १८८७ साली, हिंदू आणि मुसलमान कुटुंबांनी मिळून केली, असं सांगतात. आणि सातारा-सांगलीकडे आजही मोहरमात हिंदू घरांत चोंगे होतात. गुळाच्या पाण्यात मळलेले, नक्षी उमटवलेले ते चोंगे पिराला जातात. शहरानं जे टाकलं ते खेड्यांनी सांभाळलं.

गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत घुमणारे ढोल आज शहरी पथकांचे असतात. त्याआधी ते मुळशी, मावळ, भोर, वेल्ह्यातून यायचे. दिवसभर वाजवून, लेझीम खेळून, मिळेल तिथे बसून भाकरी खाऊन परत निघणारी तुमची माणसं. शहराच्या सणाचा आवाज तुमचा होता.

आणखी एक सण शहरातून निघून तुमच्या पाण्यापर्यंत येतो. तुकोबांची पालखी देहूतून निघाली की अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी पहिला विसावा घेते. ज्ञानोबांची आणि तुकोबांची पालखी पुण्यात नाना पेठ, भवानी पेठेत उतरते. ते दोन दिवस पूर्व भागातली सगळी गल्ली चुलीवर असते. गुजराती, शीख, मुसलमान, ख्रिस्ती, सगळ्यांचे मांडव. कुठे पुरी-भाजी, कुठे चहा, कुठे केळी, कुठे पाय चेपून द्यायला मुलं बसलेली. वारकरी कोणाच्या हातचं आहे हे विचारत नाही. माझ्या लहानपणी मला हाच शहरातला सगळ्यात मोठा सण वाटायचा. पुढे माऊलींची पालखी दिवे घाट चढून सासवड, जेजुरी, वाल्हे करत नीरेला पोचते, आणि पुलाजवळ पादुकांना नीरास्नान घडतं. त्या नीरेत तुमची वेळवंडी मिळालेली असते.

आता आजचं. पुण्यात अशा सोसायट्या आहेत जिथे मासे-मटण खाणाऱ्या कुटुंबाला घर भाड्यानं मिळत नाही. आडनाव ऐकून फ्लॅट गेलेला असतो. गेल्या शतकात टेबलावर जे मिटलं ते जिन्यात परत आलंय. अशा इमारतीतही गटारीला बाहेर जाऊन मटण खाणारी माणसं असतात, आणि ईदच्या बिर्याणीचे फोटो पाहून तोंडाला पाणी सुटणारीही असतात. दुसऱ्याचं अन्न आवडतं पण दुसऱ्याचा शेजार नको, ही वृत्ती मला १८९० च्या ग्रामण्यापेक्षा वाईट वाटते. त्या लोकांना आपण काय करतोय हे निदान मोठ्यानं सांगायची हिंमत होती.

शेवटचा मुद्दा थेट तुमचा आहे. हायवेला लागून खेड-शिवापूरपासून कापूरहोळ, शिरवळपर्यंत कारखाने आलेत. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातली पोरं तिथे कामाला येतात, एका खोलीत पाच-सहा जण राहतात, स्टोव्हवर भात-डाळ शिजवतात. खोलीभाडं तुमच्या गावांत येतं. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी पुण्याच्या कॅम्पात जे घडलं ते आता तुमच्या वेशीवर घडतंय. घरमालक तुम्ही आहात, पाणी तुमचं आहे. या वेळी ठरवायचं तुम्हाला आहे.

दिवाळीनंतर कार्तिक शुद्ध षष्ठीला बिहार, उत्तर प्रदेशातल्या या कामगारांची छठ असते. बाया दीड दिवस निर्जळी उपास करतात, गव्हाच्या पिठाचा आणि गुळाचा ठेकुआ तळतात, ऊस, केळी, नारळ सुपात घालून पाण्यात उभ्या राहतात आणि मावळत्या सूर्याला अर्घ्य देतात, दुसऱ्या पहाटे उगवत्याला. त्यांना पुजाऱ्याची गरज लागत नाही, देऊळ लागत नाही. फक्त स्वच्छ पाणी आणि काठ लागतो. पुण्यात मुळा-मुठेच्या काळ्या पाण्याकडे बघत त्या उभ्या राहतात. तुमच्याकडे नीरा आहे. या दिवाळीत ग्रामपंचायतीनं जवळच्या कारखान्यांतल्या मुकादमांना बोलावून घ्यावं. कोणत्या घाटाला उतार आहे, कुठे पाय घसरतो, पाणी किती खोल आहे, धरणातून कधी सोडतात, हे त्यांना सांगावं. त्या संध्याकाळी घाटावर दोन दिवे लावून ठेवावेत, आणि ठेकुआ दिला तर तो तिथेच, त्यांच्यासमोर खावा.